पायांवर पटका

आबासाहेबांची मोटार थांबत नाही, हे झरीतल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक होतं. बैलगाडी आली तर कुत्रं रस्त्यात पडल्यापडल्या नुसता कान हलवायचं. पण त्या मोटारीची घरघर ओढ्यापलीकडून कानावर आली, की उठून मारुतीच्या पारावर चढून बसायचं. माणसाला तेवढी अक्कल देवानं दिलेली नव्हती. माणसं कडेला उभी राहून मोटारीकडं कौतुकानं बघायची.

मोटार म्हणजे लढाईतली मालमोटार होती. इंग्रज गेला, निजाम गेला, आणि दोघांच्या खरकट्यातून ती सिकंदराबादच्या लिलावात आबासाहेबांच्या पदरात पडली. त्यांनी तिच्या हिरव्यावर लाल रंग चढवला, कपाळावर गणपती काढला, लिंबू-मिरच्या टांगल्या. म्हातारीला नवं लुगडं नेसवून बोहल्यावर उभी करावी तशी ती दिसायची. ती चालवायचा भिवराबाईचा थोरला, भुजंग.

भिवराबाईला ह्या गोष्टीचा ताठा होता आणि तो तिनं कधी लपवला नाही. नवरा किशनराव रझाकारीच्या सालात तापानं गेला. मागं ओढ्याकाठचं कोरडवाहू रान आणि भुजंग, दत्तराव ही दोन पोरं. भावकीनं रान गिळायला तोंड उघडलं, तेव्हा बाईनं बांधावर उभं राहून अशी जीभ चालवली, की भावकीचं उघडं तोंड उघडंच राहिलं. तिनं कुणापुढं पदर पसरला नाही. खोटं बोलली नाही, आणि खोटं बोलणाऱ्याला चारचौघांत सोलल्याशिवाय सोडलं नाही. आता पाणवठ्यावर बाया म्हणायच्या, "भिवरामाय, तुमचा भुजंग कालबी परभनीला गेलता म्हनं." ती घागर घासता घासता म्हणायची, "जाईना का. तुमच्या दाल्ल्यावानी बैलाच्या बुडाकडं बघत न्हाई जात. म्होरं बघून जातो."

त्या साली कापूस उदंड आला. पौषात घराघरात कापसाचे ढीग लागले, परभणीला जिनिंगच्या फाटकापुढं गाड्यांची रांग लागली. जो आधी पोचेल त्याचा माल आधी उतरायचा. म्हणून आबासाहेबांची मोटार तांबडं फुटल्यापासून दिवस मावळेपर्यंत पळत होती, आणि भुजंग घरी यायचा तो उजव्या पायानं लंगडत.

त्याची बायको चतुरा विटेचा तुकडा चुलीत तापवून, फडक्यात गुंडाळून त्याची पोटरी शेकत होती. पोटरी कोहळ्यासारखी टणक झाली होती.

"कशानं सुजला रे पाय?" भिवराबाईनं विचारलं.

"बिरेक मारू मारू. एका दमात धरतच न्हाई, माय. चिखलात पाय बुडावा तसा पायडल बुडतो. तीन-चार डाव मारला मंग कुठं धरायलाय. आज फाटकापाशी धरायच्या आत फाटकालाच जाऊन टेकली."

"आबासाहेबाला सांगितलंस का?"

"एकदा न्हाई, धा डाव. म्हनले, हंगाम निघू दे, मंग नांदेडला नेऊ. बैल लंगडला म्हून पेरनी थांबिवतो का आपन, म्हनले."

"लंगड्या बैलाला उतारावर तरी कोन जुपत न्हाई," भिवराबाई म्हणाली.

चतुरा वीट बाजूला ठेवत म्हणाली, "मंग सोडा की ती मोटार. रान हाय, बैल हायत."

"सोडतो की. चुडाव्याचा एकजन रोज आबासाहेबाच्या ओसरीवर यिऊन बसायलाय. म्या उतरलो की तो चढतो. बिरेक तर तसाच ऱ्हानार."

ह्यावर भिवराबाईनं बोलायला पाहिजे होतं. तिच्यापाशी शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता. पण लेक मोटारीवरून उतरला म्हणजे पाणवठ्यावर आपणही उतरलो, हे तिच्या मनात आलं आणि ती भाकरी थापायला वळली.

पुढं चार-दोन दिवसांनी येडबाची मेंढरं तिच्याच रानात बसली होती. येडबा पेडगावचा धनगर. हिवाळ्यात कळप घेऊन शिवारं फिरायचा. रात्रभर मेंढरं रानात बसवली की लेंड्यामुताचं खत रानाला मिळायचं आणि येडबाला ज्वारी. भिवराबाईनं त्याला पायली भरून ज्वारी दिली आणि वर टोमणाही दिला, "तुहे मेंढरं खातेत जास्त आन् देतेत कमी." येडबा हसून म्हणाला, "मालकिनीवर गेलेत, माय."

सकाळी दव पडलं होतं. भिवराबाई बांधाकडची फरदड, मागाहून फुटलेला कापूस, वेचत होती. येडबा कळप काढून रस्त्यानं ओढ्याकडं निघाला. त्याची बायको केवळाबाई मागं घोड्यावर बिऱ्हाड लादत होती. निम्मी मेंढरं ओढ्याच्या फरशीपुलावर, निम्मी अलीकडच्या उतारावर, तेवढ्यात गावाकडून मोटार आली. कापसाच्या बोजानं तिचं डोकं बाभळीच्या फांद्यांना घासत होतं.

येडबानं वळून पाहिलं आणि जन्मभर जे केलं तेच केलं. रस्त्याच्या मधोमध उभा राहून त्यानं काठी दोन्ही हातांनी आडवी धरली. बैलगाडी तशीच थांबते. टांगा तसाच थांबतो. एकदा निजामाच्या घोडेस्वारानंसुद्धा त्याच्या काठीपुढं लगाम ओढला होता, असं तो सांगायचा.

"येडबा, सरक! ती थांबत न्हाई, येडबा!"

भिवराबाईच्या आवाजाला सगळी झरी दबकून असायची. पण त्या दिवशी वारं उलटं होतं. काचेतून भुजंगचं डोकं वरखाली होताना तिला दिसलं. तो पाय मारत होता. एकदा, परत, परत. मग मोटार रस्ता सोडून बाभळीकडं वळली. ती बाभळीपर्यंत पोचलीच. पण त्याच्या आधी येडबापर्यंत पोचली.

परमुलखातला डायव्हर असता तर उडी टाकून ज्वारीत पळाला असता. भुजंग पळाला नाही. भिवराबाई ओटीतला कापूस सांडत रस्त्यावर आली, तेव्हा तो येडबाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. येडबाची कंबर मोडली होती, पण श्वास चालू होता आणि डोळे उघडे होते. केवळाबाई धावत आली. रडली नाही. नवऱ्याच्या उघड्या मांडीवर तिनं आधी धोतर ओढलं.

"परभनीच्या दवाखान्यात नेतो," भुजंग म्हणाला.

"ह्या मोटारीत?"

"दुसरी कुठं हाय, माय?"

त्यानं विळ्यानं दोर कापले. निम्मा कापूस ओढ्यात ढकलून दिला, मोटार हलकी व्हावी म्हणून. येडबाला बाकावर निजवलं, केवळाबाईनं त्याचं डोकं धरलं. मोटार बैलाच्या चालीनं निघाली, पहिल्या गेरवर, आणि भिवराबाई मोकळ्या मेंढरांत उभी राहिली. मेंढरं ओढ्यातला ओला कापूस हुंगत होती.

येडबानं दवाखान्याच्या पायरीवरच जीव सोडला. भुजंग तिथून आपल्या पायानं पोलिसांत गेला.

आबासाहेब दुसऱ्या दिवशी भिवराबाईच्या दारात आले. किशनरावाच्या बरोबरीचे, धोतराचा सोगा हातात धरून चालणारे, इलेक्शनात उभं राहायची हौस असलेले गृहस्थ. त्यांनी आधी विचारलं, "निम्मा कापूस गेला म्हणे?" मग म्हणाले, "वैनी, काळजी करू नका. पोरगं आपलं आहे. जामीन मी, वकील माझा." आणि खरंच त्यांनी भुजंगला सोडवून आणलं. मोटार त्याच्याही आधी सोडवली होती. ती परभणीत एका मिस्त्रीच्या अंगणात उभी केली. तपासणीचा साहेब आठवड्यानं आला, तोवर तिचा ब्रेक तपासणीपुरता नव्या सुनेसारखा पहिल्या हाकेला ओ द्यायला लागला होता. साहेबानं लिहून नेलं, ब्रेक चांगला आहे.

दहावा जवळ आला तशी भिवराबाई म्हणाली, "भुजंग, पेडगावला जायचं हाय. पटका धुऊन ठिव."

चतुरानं हातातलं सूप खाली टाकलं. "आत्याबाई, वकिलानं सांगितलंय, कुनापाशी तोंड उघडायचं न्हाई."

"वकील परभनीचा हाय. मेलेला आपल्या ओढ्यात मेलाय."

"मोटार आबासाहेबाची. त्येंना लावा की पटका ठिवायला."

"आबासाहेब लावंल तव्हा लावंल. पायडलवर पाय कोनाचा व्हता?"

ती रीत गावाच्या हाडात होती. कुणाच्या हातून माणूस गेला, अगदी कुणाच्या बैलानं शिंग मारून गेला, तरी दहाव्याच्या आत त्या घरी जायचं, डोक्यावरचा पटका सुतकात बसलेल्यांच्या पायांवर ठेवायचा आणि तोंडानं कबूल व्हायचं. पुढच्यानं पटका उचलून माघारी दिला की मिटलं. नाही दिला तर पिढ्यान्‌पिढ्या त्या घरचं पाणी बंद. किशनरावाच्या बापानं एकदा असा पटका ठेवला होता. रीत न पाळता पळणाऱ्याला गाव माणसात धरत नव्हतं, आणि भिवराबाईच्या पोटचं पोर माणसातून उठणार नव्हतं.

पेडगावला धनगरांची माणसं कांबळी टाकून बसली होती. भिवराबाई, भुजंग आणि दत्तराव असे तिघं त्या माणसांच्या मधून गेले. कुणी पाय आखडले नाहीत, पाय ओलांडून जावं लागलं. केवळाबाई मेढीला टेकून बसली होती. भुजंगनं पटका सोडला. उघड्या डोक्यानं तो लहान दिसायला लागला, न्हाणीतून काढल्यासारखा. पटका तिच्या पायांवर ठेवून तो म्हणाला, "बाई, माह्या हातून गेला. मोटार थांबत न्हवती. मला ठावं व्हतं, तरी म्या आनली. माह्या हातून गेला."

केवळाबाईनं पटक्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "त्येंनी काठी आडवी धरली. म्या म्हनायचे, कव्हातरी तुमची काठी कोनी ऐकनार न्हाई." तिनं पटका उचलून त्याच्या हातात दिला. कुणीतरी तांब्या आणला. भुजंग पाणी प्यायला. म्हातारा पंच दाढी खाजवून म्हणाला, "मिटलं. आता ह्ये कचेरीत जायचं न्हाई."

सगळ्यांना ते खरं वाटलं. भिवराबाईलाही वाटलं. येताना तिची मान, बऱ्याच दिवसांनी, सरळ होती.

फाल्गुनात समन्स आलं. वकिलाच्या बैठकीत भिवराबाई दाराशी जमिनीवर बसली, आबासाहेब खुर्चीवर. वकील बारीक अंगाचा, पान खाणारा माणूस होता. पेडगावची हकीगत ऐकून त्यानं पिकदाणी जवळ ओढली.

"बाई, तुम्ही पोराचं भलं केलंत की वैर?"

"मिटलंय ते, वकीलसाब. केवळीनं पटका माघारी दिलाय."

"केवळीला कोण विचारतं? फिर्याद सरकारची आहे."

"मेला येडबा. सरकारचं कोन मेलं?"

आबासाहेबांनी हसू दाबलं. वकील हसला नाही. तो म्हणाला, "नीट ऐका. भुजंगनं म्हटलं की ब्रेक चांगला होता, तर कोर्ट म्हणतं, मग माणूस मेला कसा? बेफाम चालवलीस, जा आत. त्यानं म्हटलं की ब्रेक नव्हता, तर कोर्ट म्हणतं, ठाऊक असून रस्त्यावर आणलीस कशी? जा आत. दोन्हीकडून दोर त्याच्याच गळ्यात. पोलिसांपुढचं बोलणं कोर्ट धरत नाही, म्हणून मधली एकच वाट. मेंढका एकदम आडवा आला, आणि हा कुठं, कुणापुढं, काही कबूल झालाच नाही."

"आन् मालकाचं काय?" भिवराबाईनं विचारलं.

वकिलानं पिकदाणीत पिंक टाकली.

"मालक गाडीत बसला होता का?" वकिलानं विचारलं.

"न्हवता."

"मग?"

आबासाहेब मऊ आवाजात म्हणाले, "वैनी, माझं काय, मी दंड भरून मोकळा होईन. प्रश्न आपल्या भुजंगचा आहे. पेडगावला तुम्ही सोबत होतात. तुम्ही उभं राहून सांगायचं, पटका ठेवलाच नाही, नुसतं भेटायला गेलो होतो. तुमच्या शब्दाला वजन आहे. भिवराबाई खोटं बोलत नाही, हे पंचक्रोशीला ठाऊक आहे."

तेच वजन त्यांना विकत पाहिजे होतं. भिवराबाईला ते कळलं. घरी तिनं जात्यावर बसून ते शब्द म्हणून पाहिले. पटका ठेवला न्हाई. पटका ठेवला न्हाई. ओवीच्या चालीवर बसत नव्हते. जातं थांबायचं. तरी तिनं ते पाठ केले. लेक आत जाण्यापेक्षा आपली जीभ सडली तर सडू दे, असं तिनं ठरवलं. भुजंगला मात्र काही सांगितलं नाही. तो त्या दिवसांत रानात कापसाच्या वाळलेल्या पळाट्या उपटायचा, चिमट्यात धरून एकेक, आणि संध्याकाळी उजवा पाय लांब करून बसायचा. त्याची सूज उतरली होती.

कोर्टात गर्दी होती. सरकारी वकिलानं आधी केवळाबाईला उभं केलं. कपाळ उघडं, पदर दातात.

"आरोपी तुमच्या घरी आला तेव्हा काय म्हणाला?"

"माह्या हातून गेला म्हनला." ती थांबली. "मोटार थांबत न्हवती असंबी म्हनला, साहेब. आन् दवाखान्यात त्येनंच नेलं. वाटंनं रडत व्हता."

"विचारलं तेवढंच सांगा."

"मंग बाकीचं कोन इचारनार हाय?" केवळाबाई म्हणाली. मागं कुणीतरी खुसखुसलं. शिपायानं दंडुका आपटला. कारकुनानं ते शेवटचं वाक्य लिहिलं नाही.

मग दवाखान्याची गोष्ट निघाली. सरकारी वकील म्हणाला, "हुजूर, ब्रेक निकामी होता अशी बोलवा आहे. पण जी गाडी थांबत नाही, तीच गाडी आरोपीनं जखमी माणसाला घालून झरीहून परभणीला आणली. दवाखान्याच्या दारात बरोबर थांबवली. ब्रेक नव्हता तर थांबली कशी?" भिवराबाई मागच्या भिंतीला पाठ लावून हे ऐकत होती. माणूस जगवायला धावलं, तर ते धावणंही गळ्यात येतं, हे तिला आजवर माहीत नव्हतं.

तिचं नाव पुकारलं. ती पिंजऱ्यात उभी राहिली. शपथ घेताना हात वर करायला सांगितला. हाताला पळाट्यांचे ओरखडे होते. समोर भुजंग, बाजूला आबासाहेब पांढऱ्याशुभ्र टोपीत, आणि खाली जमिनीवर केवळाबाई, तिच्याकडंच बघत.

"बाई, दहाव्याच्या आधी तुम्ही पेडगावला गेला होतात?" आबासाहेबांच्या वकिलानं विचारलं.

"व्हय."

"तिथं तुमच्या मुलानं पटका ठेवून काही कबुली दिली?"

भिवराबाईनं केवळाबाईवरून नजर काढली आणि वरच्या कौलांकडं नेली.

"न्हाई. नुसतं भेटाया गेलतो."

"पटका ठेवला नाही?"

"पटका ठेवला न्हाई."

तिचा आवाज कधी नव्हे तो बारीक आला. पण आला. वकील खाली बसायला वळला, आबासाहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं. आणि तेवढ्यात आरोपीच्या पिंजऱ्यातून भुजंग बोलला.

"साहेब, माय खोटं बोलायलीय."

वकील गर्रकन वळला. "गप्प! हुजूर, आरोपीची मनःस्थिती—"

"तिच्यावर धरू नका, साहेब. ती माह्यासाठी बोलली. म्या पटका ठिवला. बिरेक धरत न्हवता. धा डाव मालकाला सांगितलं, हंगाम निघू दे म्हनले. त्या दिशी परभनीला आनली ती पहिल्या गेरवर आनली, दवाखान्याच्या कट्ट्याला टेकवून थांबिवली. कट्टा फुटला हाय, जाऊन बगा."

मॅजिस्ट्रेट तरुण होता, औरंगाबादेकडचा. त्यानं चष्मा काढला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "म्हणजे ब्रेक काम करत नाही, हे तुला माहीत होतं?"

"व्हय."

"तरी चालवलीस?"

"व्हय, साहेब."

"मालकानं चालव म्हटलं म्हणून?"

भुजंगनं आबासाहेबांकडं पाहिलं नाही. "मालकानं म्हटलं. पन पाय माहाच व्हता."

पंधरवड्यानं निकाल लागला. दीड वर्षाची सक्तमजुरी. निकालात असं होतं, की लायसन ज्याच्या नावावर, रस्त्यावर गाडी आणायची की नाही हे त्यानं ठरवायचं. नोकरीची भीती ही सबब नव्हे. मालकाला सांगितल्याचा पुरावा नाही. तपासणीत ब्रेक चांगला निघाला. मोटारीला मागचा दिवा नव्हता, तेवढ्याबद्दल मालकाला दंड झाला. तो आबासाहेबांनी तिथल्या तिथं भरला. फुटक्या कट्ट्याकडं कुणी बघायला गेलं नाही.

बेड्या घालून भुजंगला बाहेर आणलं, तेव्हा शिपायानं लिंबाखाली जरा थांबू दिलं. चतुरा तोंडात पदर कोंबून उभी होती. दत्तराव भावाचं धोतर-सदरा गाठोड्यात बांधत होता. भिवराबाईनं लेकापुढं उभं राहून जीभ उचलली. सगळं आयुष्य जिच्या जोरावर काढलं, ती जीभ.

"मेल्या, तुला कोनी सांगितलं व्हतं मधी बोलाया? म्या नरकात एक पाय घातलाच व्हता, तो का म्हून काढून घेतलास?"

भुजंग म्हणाला, "तुला तिथं तसं बगवलं न्हाई, माय."

तिला वाटत होतं, त्यानं म्हणावं, तूच मला पेडगावला नेलंस. तूच पटका धुवायला लावलास. तिनं त्यावरचं उत्तरही तयार ठेवलं होतं. तो ते बोललाच नाही. शिपायानं दोर ओढला आणि तो निघाला, उजव्या पायानं किंचित लंगडत. ती सूज उतरली तरी चाल राहिली होती.

आबासाहेब जवळ आले. "वैनी, पोरानं आपल्या हातानं माती खाल्ली. मी काय करणार? पण मी तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही. दत्तरावला लायसन काढून देतो. हंगामाचा शेवट आहे, मोटार उभी आहे. उद्यापासून पाठवा."

दत्तरावनं गाठ मारता मारता मान वर केली. त्याच्या डोळ्यांत जे चमकलं, ते आईनं पाहिलं. मोटारीचं तेच कौतुक.

कोर्टाच्या आवारात माणसं होती. वकील होता. भिवराबाईनं आवाज चढवला, झरीच्या पाणवठ्यावर चढवायची तेवढा.

"पाठविते की. आबासाहेब, तुमी त्याच्या शेजारी बसा. रोज बसा. मांडीवर तुमचा नातू घ्या, आन् ओढ्याच्या उतारावरून मोटार खाली येऊ द्या. तुमी बसा, म्या दत्तूला आत्ता पाठविते."

आबासाहेब हसले. आजूबाजूला पाहिलं, कुणी हसत नव्हतं. "बाईमाणूस दुःखात आहे," ते वकिलाला म्हणाले, आणि सोगा सावरत टांग्याकडं गेले.

दत्तराव गाडीवाटेनं झरीपर्यंत आईच्या पुढं पुढं चालत राहिला. ती त्याला म्हणाली, "राग धर. दीड साल धर. भाऊ आला की सोड."

मोटारीवर चुडाव्याचा माणूस बसला. चैत्रात ऊन तापलं, तरी राहिलेला कापूस निघत होता. भिवराबाईच्या रानातल्या पळाट्या अर्ध्या उभ्या होत्या. भुजंग घरी नाही म्हटल्यावर तिनं बाया लावल्या. केवळाबाईही आली. तिनं निम्मी मेंढरं विकली होती, निम्मी दिराकडं दिली होती, आणि आता मिळेल त्या रानात मजुरीला जात होती. ती येईल असं भिवराबाईला वाटलं नव्हतं. आली तेव्हा भिवराबाईला तिच्याकडं बघता येईना. तिनं नुसता चिमटा पुढं केला. केवळाबाईनं तो घेतला आणि शेजारची ओळ धरली. दुपारी दोघींनी एकाच बाभळीखाली भाकरी खाल्ली. केवळाबाईनं एकदा विचारलं, "पाय बरा हाय का त्येचा?" भिवराबाई म्हणाली, "तिथं खडी फोडायची असती. बसून." तेवढंच.

भाकरी खाऊन बाया परत ओळीला लागल्या, आणि गावाकडून घरघर आली. कुणी कुणाला सांगितलं नाही. सगळ्या बायांचे हात थांबले. चिमट्यात धरलेली पळाटी अर्धी उपटलेली, वाकलेल्या कमरा तशाच वाकलेल्या. माना रस्त्याकडं नव्हत्या, मातीकडं होत्या. नुसते कान तिकडं. मोटार उतारावर आली. आवाज वाढला, वाढतच गेला. केवळाबाईचे डोळे मिटलेले होते. भिवराबाईनं, काही कळायच्या आत, तिचं मनगट धरलं होतं.

फरशी खडखडली. मग आवाज पलीकडच्या चढाला लागला, आणि बारीक होत गेला.

भिवराबाईनं मनगट सोडलं. "ओढा गं," ती म्हणाली. बायांनी पळाट्या ओढल्या.